झिपरूच्या मागचं माणूस

जळगावच्या त्या धर्मार्थ दवाखान्यात औषध फुकट होतं, मलमपट्टी फुकट होती, आणि खाट मिळालीच तर खाटही फुकट होती. दवाखाना पैसा मागत नसे, माणूस मागे. रोग्याच्या मागे घरचं कुणी असेल तरच त्याला आत ठेवून घ्यायचं, असा नियम होता. खाटा सहा, झाडूवाला एक, स्वयंपाकी नाहीच. मग भाकर कोण आणणार, भांडं कोण धरणार, पाणी कोण पाजणार? घरचं माणूस. नियम करणाऱ्या पंचांची बुद्धी काही वाईट नव्हती. ज्याला घरच नाही त्याला घरचं माणूस कुठून असायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार तरी कसं? पंचमंडळी आपापल्या घरी, लोडाला टेकून नियम करत होती.

घर नसलेली माणसं कापूस बाजाराच्या मागे गाडीतळावर राहत. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथं पाऊल ठेवायला जागा नसे. पारोळा, एरंडोल, पार धुळ्याकडून कापसाच्या गाड्या यायच्या, हमालांच्या आरोळ्या, बैलांचं शेण, सगळीकडे पांढरा भुसभुशीत कापूस. हंगाम संपला की गाड्या गावाला जात, हमालही जात. ज्यांना गाव नव्हतं ती तळावरच उरत, जत्रा उठल्यावर खरकटं उरावं तशी. तळावर एकमेकांना जात विचारायची रीत होती, पण उत्तरासाठी कुणी थांबत नसे.

भिकुबाई त्या उरलेल्यांतली. धुळ्याकडची, सोनगीरच्या बाजूची. नवरा मोठ्या तापाच्या साथीत गेला आणि तेराव्याचं जेवण पचायच्या आत दिरांनी सांगितलं, की तुझा वाटा तुझ्या नवऱ्याबरोबर गेला. पोटी लेकरू नाही, पाठीला भाऊ नाही. ती जळगावला आली ती कायमची. गाड्यांमधून सांडलेला कापूस रस्त्यावरून वेचायचा, झटकायचा, विकायचा; एका मोडक्या गाडीखाली संसार. पन्नाशीला आलेली, काडीसारखी बाई, पण तोंड असं की बाजारचा पहारेकरीसुद्धा तिला वळसा घालून जाई.

आणि झिपरू हमाल. हा रावेरकडचा, केळीच्या मुलखातला. बोलणं कमी, अंगात बैलाची ताकद. त्यानं घर का सोडलं ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यानं सांगितलंही नव्हतं. भिकुबाईवर त्यानं कधी काही उपकार केला होता, असं म्हणाल तर तेही नाही. उलट एकदा गठाण पाठीवर घेऊन जाताना त्याचा पाय तिच्या चुलीत पडला आणि कालवण सांडलं, तेव्हा भिकुबाईनं त्याच्या सात पिढ्यांचं नाव घेऊन उद्धार केला होता. एवढीच काय ती त्यांची ओळख.

एकोणीसशे तेहतीस सालची होळी झाली आणि भरल्या गाडीचं चाक झिपरूच्या डाव्या पावलावरून गेलं. त्यानं हळद-चुना लावला, वर चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी लंगडत पुन्हा कामाला आला. तिसऱ्या दिवशी आलाच नाही. चिंचेखाली आपल्या गोणपाटावर पडून राहिला. भिकुबाई तिथून जात होती तेव्हा तिला वास आला. तो वास तिला ठाऊक होता.

मागल्याच साली वना नावाच्या म्हाताऱ्याला असंच झालं होतं. तळावरच्या चौघांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. कंपौंडरनं विचारलं, मागे कोण? चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. भिकुबाईही त्या चौघांत होती. वनाला दाराशी पट्टी बांधून मिळाली, आणि परत आणल्यावर दोन दिवसांनी तो गेला. सगळे म्हणाले, देवाची मर्जी. भिकुबाईही म्हणाली. पण ते बोलणं तिच्या घशात वर्षभर अडकून होतं, आणि आता झिपरूच्या उशाशी उभी राहून ती स्वतःशीच म्हणाली की औंदा देवाला मर्जी चालवू द्यायची नाही.

"ऊठ रे," ती म्हणाली. "दवाखानामा जानं शे."

झिपरूचं अंग तव्यासारखं तापलं होतं, तरी शुद्ध होती. त्यानं तिचं मनगट धरलं. "नेतं तं ने बाई," तो म्हणाला, "पन त्याहिले पाय कापू देजो नको. पाय गेला तं हमाल मेला. मले असाच मरू दे, पन मंदिराच्या पायरीवर बसून भीक नही मांगनार मी."

भिकुबाई हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. तिनं निंबा गाडीवानाला हाक मारली. निंबा भला माणूस, बैलांसारखाच भला आणि बैलांइतकाच बोलका. दोघांनी झिपरूला गाडीत घातलं.

दवाखान्याच्या दाराशी तोताराम कंपौंडर बसलेला होता. औषधं डॉक्टर लिहून देत, पण आत कोणी यायचं ते तोताराम ठरवी. तो यावलचा. नियम पंचांनी केला असला तरी पाळायचा त्यानं, आणि दुसऱ्यानं केलेला नियम पाळणारा माणूस नेहमी करणाऱ्यापेक्षा कडक असतो.

"मागे कोण?" त्यानं विचारलं.

निंबा बैलांच्या शिंगांकडे बघू लागला.

"मी शे," भिकुबाई म्हणाली. "त्यानी बहीण."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पण तोंडातून निघालेला शब्द काही परत गिळता येत नाही, आणि तिला तो गिळायचाही नव्हता.

तोतारामनं तिला खालून वर न्याहाळलं. मग तो गाडीपाशी गेला, कण्हणाऱ्या झिपरूचं बोलणं जरा ऐकलं आणि हसत परत आला. "बाई, हा माझ्या मुलखातला माणूस. कण्हतोय तोसुद्धा आमच्याकडच्यासारखा. आणि तू शे-शे करतेस. भाऊ रावेरचा आणि बहीण पारोळ्याच्या पलीकडची? आईबाप काय वेगवेगळे होते तुमचे?"

"आठ वरीसनी व्हतू तवय माले तिकडे दिधी," भिकुबाई म्हणाली. "बाईले जठे देतस तठली बोली ती बोलस. तुनी माय कथानी शे रे भाऊ?"

तोतारामची आई खांडव्याकडची होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि मरेपर्यंत तिनं यावलकडची बोली अशी बोलली की तिच्या माहेरच्यांना ती कळत नसे. तो दाराशीच घुटमळला. मागे गाडीत झिपरू ओरडला. तोताराम बाजूला झाला.

आत डॉक्टर महाजनींनी पट्टी सोडली आणि पुन्हा बांधलीच नाही. मोठे डॉक्टर, थकलेले. सकाळपासून ओसरीत माणसांची रांग असे आणि त्यातल्या निम्म्यांना औषधापेक्षा भाकरीची गरज जास्त असे, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी भिकुबाईला बाहेर बोलावलं.

"बोटं काळी पडलीत. विष वर चढतंय," ते म्हणाले. "गुडघ्याखालून पाय काढला तर वाचेल. आज काढला तर. उद्या काढून काही उपयोग नाही."

"त्याले विचारा," भिकुबाई म्हणाली.

"कुणाला विचारू? तो आता शुद्धीवर नाही. तू बहीण ना? मग तूच सांगायचं. हो म्हणालीस तर अंगठा दे. नाही म्हणालीस तर मी हात लावणार नाही. तासाभरात सांग."

भिकुबाई ओसरीच्या कडेला जाऊन बसली. खोटं बोलताना तिला वाटलं होतं की बहीण म्हणजे भाकर आणायची, भांडं धरायचं. बहीण म्हणजे एका माणसाचा पाय ठेवायचा की तोडायचा ते सांगायचं, हे कुणाला माहीत होतं? त्या माणसानं तर स्वतः सांगितलं होतं, कापू देऊ नको. मनगट धरून सांगितलं होतं. त्याचं मनगटावरचं तापलेलं बोट अजून तिला जाणवत होतं.

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. त्याचीच इच्छा, असं सांगून ती तळावर परत गेली असती, आणि सगळे म्हणाले असते, देवाची मर्जी. हो म्हटलं तर? लंगडा हमाल कोण ठेवतो? तो जगला तर त्याचं पोट कोण भरणार? ज्या बाईला स्वतःची चूल एका वेळेला पेटवता पेटवता नाकी नऊ येत, तिच्याच गळ्यात तो पडणार. शिवाय तो उठून तिला शिव्या घालणार, ते वेगळंच. हे सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. ती काही भोळी नव्हती.

तिला भीती वाटली. पदर तोंडात धरून ती बसली. मग तिनं वनाचं नाव घेतलं, उठली, आणि डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

"कापा," ती म्हणाली. "जित्ता ऱ्हायना तर माले शिव्या देई. देऊ द्या. मेला मानूस शिव्या देत नही."

तिनं अंगठा दिला. मग ओसरीवर बसून राहिली, क्लोरोफॉर्मचा गोड वास दाराच्या फटीतून येत होता, आणि करवतीचा आवाज येऊ लागला तेव्हा तिनं कान झाकले नाहीत. आपण सांगितलं आहे तर आपण ऐकायचं, असा तिचा हिशेब होता.

झिपरू वाचला. पहिले चार दिवस त्याला कशाचं भान नव्हतं. भिकुबाई सकाळी बाजारातला कापूस वेची, दुपारी भाकर थापी, ती पाण्यात कुस्करून त्याला चमच्यानं भरवी. भांडं धरी, माश्या वारी. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा म्हणालाही, "बहीण असावी तं अशी." भिकुबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो भिंतीकडे वळला. पण मनातून तिला बरं वाटलं. कितीतरी वर्षांत तिला कुणी कुणाची कोण असं म्हटलं नव्हतं.

पाचव्या दिवशी झिपरूला पुरती शुद्ध आली. त्यानं पांघरूण बाजूला केलं आणि खाली पाहिलं. जिथं पाऊल असायला हवं तिथं सपाट चादर होती. त्यानं चादरीवर हात फिरवून पाहिला. मग त्यानं असा आवाज काढला की डॉक्टर हातातलं काम टाकून धावत आले, मागून तोताराम आला.

"कोनं सांगितलं तुमाले कापाले? कोन?"

"तुझ्या बहिणीनं अंगठा दिला," डॉक्टर म्हणाले.

"बहीन?" झिपरूनं भिकुबाईकडे बोट केलं. "ही? ही माही कोनी नही! मले बहीनच नही. गाडीतळावरची बाई हाये ही. इले मी हात धरून सांगितलं व्हतं, कापू देजो नको. इनं माहा जीव घेतला!"

तोतारामचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांचा त्याचा संशय खरा ठरला. "मी म्हणत नव्हतो, साहेब? बोलीवरूनच ओळखलं होतं मी. आता पंच विचारतील, खोट्या अंगठ्यावर पाय कसा काढला?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. पंच तसं विचारणार, हे खरं होतं. "बाई," ते हळू म्हणाले, "हे खरं आहे?"

"खरं शे," भिकुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तळावरच्या कुणी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नसेल. "मी त्यानी कोनीच नही. पन अंगठा खोटा कसा, डाक्टरसाहेब? अंगठा मनाच शे, हाऊ पाहा. तुम्ही सांगं, मांगे मानूस पाहिजे. मी काय मानूस नही? मागला साल वनाले आननं, तवय आम्ही खरं बोलनूत. खरं बोलनूत म्हनीसन तो मरी गया. ह्यानाकरता मी खोटं बोलनू, तर हाऊ जित्ता शे. आते सांगा, कोनतं पाप मोठं?"

झिपरूनं भिंतीकडे तोंड केलं. "इले भायेर काढा," तो म्हणाला. "मले इचं तोंड नही पाहनं."

"तू बाहेर बस, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्याची इच्छा नसताना खाटेपाशी यायचं नाही. पण..." ते तोतारामकडे वळले. "भाकर आली तर अडवायची नाही. आणि कुणाची आली, ते विचारायचं नाही."

भिकुबाई बाहेर गेली. पण ती हार खाणारी बाई असती तर दिरांच्या अंगणातच मेली असती. तिनं तळावर पाळ्या लावल्या. एक दिवस निंबा भाकर घेऊन जाई, एक दिवस ताईबाई नावाची मोळीवाली, एक दिवस आणखी कुणी. तोतारामनं तोंडावर विचारलं नाही तरी तो पुटपुटायचा, आणि तळावरची मंडळी दवाखान्याच्या भाषेत तरबेज झालेली होती. निंबा म्हणाला, मी मामा. ताईबाई म्हणाली, मी मावशी. लोहाराच्या भात्यावर बसणारा एक आंधळा चुलता म्हणून गेला. तोताराम म्हणाला, "ह्या बेवारशी माणसाला गावच्या पाटलापेक्षा जास्त गोत निघालं." पण त्यानं कुणाला परत पाठवलं नाही.

झिपरू मात्र खाईना. आलेली भाकर तशीच परत येऊ लागली. दुसऱ्या दिवशीही भाकर परत आली तेव्हा भिकुबाई दवाखान्याच्या मागे गेली. तिथं खिडकी होती आणि खिडकीखाली त्याची खाट. खाटेपाशी जायला मनाई होती. खिडकीला कुणी मनाई केली नव्हती.

"ए लंगड्या!" तिनं बाहेरून हाक मारली. आत सगळ्यांच्या माना वळल्या. "हाऊ लंगडा शबुद पहिला मनाच मुखे आयकी ले, म्हनजे पुढे कोनी सांगं तर लागाव नही. भाकर का परत धाडस? मरनं शे तुले? तर मर, पन माले सांगीसन मर. जगाले दोन पाय लागतस असं कोन सांगी गया तुले? मना दोन पाय शेत, मी काय रानी व्हयनू? तू भीक मांगाव नही म्हनस ना? मांगू नको. सरकी निवडाले पाय लागतस? दोर वळाले लागतस? हात शेत ना तुले, गठाण उचलनारा हात? मी मेला मानूसकरता अंगठा नही दिधा, समजनं? खाय!"

भिकुबाई तिथंच उभी राहिली, कपाळ गजांना लावून. आता तिला रडू येत होतं आणि ती ते गिळत होती. बऱ्याच वेळानं आतून कुणीतरी भाकर मोडल्याचा आवाज आला. कोरडी भाकर, तिचा आवाज होतोच.

त्या दिवसापासून भाकर परत आली नाही. पण झिपरूनं तिला बोलावलं नाही, आणि तीही गेली नाही. जखम भरत आली. निंबानं जुन्या गाडीच्या सांगाड्याचं लाकूड तासून घेऊन त्याला काखेत धरायची कुबडी करून दिली. दवाखान्यात एक बदल झाला, तो पंचांना कळला की नाही कोण जाणे: तोताराम दाराशी "मागे कोण?" एवढंच विचारू लागला. त्याच्यापुढचं, "तुझं काय लागतं?" हे त्यानं सोडून दिलं. त्यानंतर तळावरचं कुणी दाराशीच पट्टी बांधून परत आलं नाही.

वैशाख उजाडला, आखाजी आली. खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. सासरी दिलेल्या पोरी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि त्यांना आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. बाजार बंद होता. रस्त्यानं नव्या बांगड्यांच्या बाया गाड्यांतून जात होत्या, पुढे त्यांचे भाऊ कासरा धरून बसलेले. गाडीतळावरच्या बाया अशा दिवशी रस्त्याकडे पाठ करून बसत. भिकुबाईही मोडक्या गाडीखाली सुपात सरकी घेऊन बसली होती.

तळावर गलका झाला म्हणून तिनं मान वर केली. दवाखान्याच्या बाजूनं झिपरू येत होता. एक पाय, काखेत कुबडी, अंगात धुतलेली बंडी, डोक्याला कुणाचं तरी मागून आणलेलं पागोटं. घामानं निथळत होता. दोनदा पडता पडता राहिला. निंबा धरायला पुढे झाला, तर झिपरूनं त्याला हातानं मागे सारलं. वाटेत चिंच होती, चिंचेखाली त्याचं गोणपाट होतं; पण तो तिथं थांबला नाही. सगळा तळ ओलांडून तो भिकुबाईच्या गाडीपाशी येऊन उभा राहिला.

भिकुबाईला वाटलं, राहिलेल्या शिव्या द्यायला आला. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"चाल," झिपरू म्हणाला.

"कथं?"

"आखाजी हाये." त्याला धाप लागली होती. तो जमिनीकडे बघत बोलत होता. "मी मुऱ्हाळी आलो. तुले न्याले."

भिकुबाईच्या तोंडाला तोंड देणारा माणूस जळगावात नव्हता. पण त्या वेळी तिनं सूप पुन्हा उचललं आणि परत खाली ठेवलं. तिला आजवर कुणीही न्यायला आलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा आईबाप होते, पण भाऊ नव्हता, आणि भावाशिवाय आखाजी कसली?

"घर नही, दार नही," ती कशीबशी म्हणाली. "कोनतं माहेर रे तुनं?"

झिपरूनं कुबडीनं मागे दाखवलं. "ते काय. चिंचीखाली."

भिकुबाई उठली. तिनं आपलं एकुलतं दुसरं लुगडं घडी करून गाठोड्यात बांधलं, केसांवर पाण्याचा हात फिरवला, आणि माहेरी जाणारी बाई करते तशी चूल विझवून, सूप पालथं घालून निघाली. पुढे मुऱ्हाळी, मागे ती. तो दर चार पावलांनी थांबे, तीही थांबे. तळावरचे सगळे उभे राहून पाहत होते आणि कुणी हसलं नाही. चिंचेखाली पोचल्यावर झिपरूनं खोडाला टेकून गोणपाट झटकलं, तिला बसायला दिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि लांबून आलेल्या बहिणीला विचारतात तसं विचारलं, "वाटीनं काही तरास तं नही झाला ना, बाई?"

तेव्हा मात्र भिकुबाईला रडू आवरलं नाही.